डाव्या कोपऱ्यातलं ठिगळ

ताडपत्री झिजते. ती झिजण्यासाठीच असते, असं आमचा ड्रायव्हर कांग सार्पिन, म्हणजे सार्पिनदादा, म्हणतो. तो तीस वर्षं ट्रक चालवतोय, तेव्हा त्याला माहीत असणार. मी छत्तीस वर्षं जावा बेटावरच्या आमच्या गावच्या कचेरीत कारकून होतो. मला दाखले कळतात. ताडपत्रीशी माझा संबंध आला तो आमची ही गेल्यावर.

ट्रक हिचा. मिठाचा धंदाही हिचाच, माहेरून आलेला. मी सकाळी इस्त्रीची खाकी चढवून कचेरीत जायचो, ही डोक्याला फडकं बांधून मिठागरावर जायची. घर माझ्या पगारावर चालतं असं मी लोकांना सांगायचो. ही समोर असली तरी सांगायचो. ही चहा ओतत राहायची.

रुस्मिनाह तिचं नाव. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ट्रक राहिला, सार्पिन राहिला आणि मी राहिलो. तिघांपैकी उपयोगाचे दोघे.

एक दिवस सकाळी सार्पिनने मला अंगणात बोलावलं. तो हौद्यात उभा होता आणि ताडपत्रीतून त्याची तीन बोटं वर आली होती. बोटं हलली.

"पाक वार्सिदी, दिसतायत का?" पाक म्हणजे वडीलधारा, वार्सिदी म्हणजे मी.

"दिसतायत."

"कालपर्यंत दोनच जायची."

पुढचा डावा कोपरा होता. तिथे हौद्याच्या लोखंडी दांड्याचं टोक ताडपत्रीला घासतं. भोकाला मी घाबरलो नाही. भोकापासून चार बोटांवर ठिगळ होतं, त्याला घाबरलो.

त्या ठिगळाचं सांगतो, म्हणजे पुढचं सगळं मी का सोसलं ते कळेल. मी शुक्रवारी निवृत्त झालो. पुढच्या गुरुवारी माझ्या खाकी पँटचा उजवा गुडघा ट्रकवर शिवलेला होता. इस्त्रीची घडीसुद्धा दिसत होती. हिने मला विचारलं नव्हतं. मी रागावलो, तर म्हणाली, "चांगलं टिकाऊ कापड आहे. खुर्चीवर बसून बसून बूड तेवढं झिजलंय, गुडघा कोरा आहे." त्यानंतरच्या आठवड्यात ती दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. ताडपत्रीवर अशी आणखी ठिगळं आहेत, पिठाच्या पोत्यांची, जुन्या तंबूची. त्यांचं काही झालं तरी चालेल. हे शेवटचं. हे फाटू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कापड महाग झालंय, जपून वापरायला हवं, असं सांगितलं.

सार्पिन म्हणाला, "कोपऱ्याखाली पोतं दुमडून घालतो." तेव्हाच त्याला घाल म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी म्हणालो, "जरा विचार करू." विचार करू म्हटल्यावर सार्पिन कॉफीच्या टपरीवर गेला, आणि मग सगळं गाव विचार करायला लागलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सगळ्या जावात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. सल्ला देणाऱ्याला 'हो' म्हणायचं. त्यात होकाराचा हो वेगळा, नकाराचा हो वेगळा, आणि ऐकू आलं एवढाच हो वेगळा. समोरच्याने चेहऱ्यावरून ओळखायचं. मी कचेरीत छत्तीस वर्षं नकाराचा हो म्हणत आलो. एकही माणूस फसला नाही. पण हे सगळं जमायचं ते हिच्यामुळे. मी ज्यांना हो म्हणून यायचो त्यांच्याकडे ही दुसऱ्या दिवशी जायची आणि सांगायची, "आमचे हे हो म्हणाले ते मनावर घेऊ नका." आमच्या घरातलं नाही म्हणायचं खातं तिच्याकडे होतं. ते आता रिकामं होतं. त्यात मी विधुर. विधुराचा चेहरा कसाही असला तरी लोकांना त्यात होकारच दिसतो. बिचाऱ्याला मदत करायला हवी, असं सगळ्यांच्या मनात असतं.

पहिले आले लिक जुमांगिन, सगळ्या गावाचे काका. त्यांचं टायरचं दुकान आहे. टपरीवर बसून ते कॉफीचा गाळ काडीने सिगरेटवर लावतात, नक्षी काढतात, आणि नक्षी काढताना सल्ले देतात. एका सिगरेटला एक सल्ला. त्या दिवशी अर्धं पाकीट संपलं.

"दांड्याला रबर ठोका. माझ्याकडे जुने टायर आहेत. रबरावर कापड घासलं तर कोण झिजेल? रबर झिजेल."

"हो," मी म्हणालो. नकाराचा.

दुपारी ते हातोडी घेऊन आले. हौद्याच्या चारी कडांना टायरच्या पट्ट्या ठोकून गेले. सार्पिन बघत होता. "पाक, खिळे वर राहिलेत."

"मोठ्या माणसाने ठोकलेत. लगेच कसे काढायचे? चार दिवस जाऊ दे."

चार दिवसांत खिळ्यांनी सात भोकं पाडली. उन्हाने रबर विरघळून ताडपत्रीला काळे पट्टे उमटले. ठिगळाच्या कडेलाही बोटभर काळं लागलं. मी रॉकेलचा बोळा घेऊन हौद्यावर चढलो आणि ते पुसत बसलो. रस्त्याने जाणारे विचारत होते, "पाक, काय करताय?" निवृत्त सरकारी माणूस ट्रकवर चढून स्वतःचा गुडघा पुसतोय, हे काय सांगणार? मी म्हटलं, "हवा खातोय."

काळं पुसताना पाहिलं शेजारच्या यू सुमारोहने, म्हणजे सुमारोहताईने. तिचा बाटिकचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे मागची पडवी, सहा बाया आणि मेणाच्या कढया. हिची ती मैत्रीण. दोघी रोज संध्याकाळी पायरीवर बसायच्या आणि मी आलो की गप्प व्हायच्या.

"पाक, कापड कोरडं पडलंय म्हणून घासतंय. मेण द्यायला हवं. बुळबुळीत झालं की घासायचं नाव नको. पाणीही आत जाणार नाही."

"हो," मी म्हणालो. हा ऐकू आलं एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी सहा बाया ताडपत्री रस्त्याच्या कडेला पसरून बसल्या. उरलंसुरलं मेण कढयांत वितळवून नारळाच्या शेंडीने सारवत होत्या. मी म्हणालो, "एवढं कशाला?" त्या म्हणाल्या, "बसा हो पाक, रुस्मिनाहने आमच्यासाठी कमी केलंय का?" मी बसलो. त्यातली एक तर पानाफुलांची नक्षी काढायला लागली. तिला यू सुमारोहने ओरडून थांबवलं. तोवर काढलेली एक कोंबडी तेवढी राहिली.

संध्याकाळी मेण गार झालं आणि ताडपत्री फळीसारखी ताठ झाली. आठ माणसांनी उचलून ट्रकवर ठेवली. बांधायची गरजच राहिली नाही. सार्पिनने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पाक, हिला दार बसवलं तर भाड्याने देता येईल."

त्याच आठवड्यात ट्रकच्या सहामाही तपासणीची तारीख होती. जिल्ह्याच्या गावी आम्ही सकाळी सातलाच पोहोचलो. हवा गार होती. तपासणीला मास यूधो नावाचा तरुण अधिकारी होता. फार अदबशीर, पाक न म्हणता पुरतं बापाक म्हणणारा. त्याने दिवे बघितले, ब्रेक बघितले, आणि मग बोटाच्या पेराने ताडपत्रीवर टकटक केलं. टकटक असा चक्क आवाज आला.

"बापाक, हे छप्पर आहे."

"ताडपत्री आहे."

"वाजतंय."

"मेण दिलंय."

"ते खरं असेल. पण तुमच्या कागदावर उघडा हौदा लिहिलाय. छप्पर बसवलं की गाडीचा प्रकार बदलतो. अर्ज करावा लागेल. सोबत तुमच्या गावच्या कचेरीचा दाखला."

मी त्याला सांगितलं की मीच गावची कचेरी होतो. तो अदबीने हसला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

दाखला आणायला आम्ही गावी आलो. माझ्या खुर्चीवर आता एक मुलगी बसते. माझ्या हाताखाली शिकलेली. तिने मला बाकावर बसवलं. त्या बाकाचा एक पाय आखूड आहे हे मला छत्तीस वर्षांत कळलं नव्हतं. पलीकडच्या बाजूने ते कळत नाही. मग तिने अर्जाच्या तीन प्रती मागितल्या.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"तुमचाच नियम आहे, पाक. तुम्ही म्हणायचात, दोन हरवतात."

तीन प्रती झाल्या. 'सदर गाडीवर मेणाचे पक्के छप्पर असून ते काढता येत नाही' असा दाखला शिक्क्यासह मिळाला. भाषा माझ्याच वळणाची होती, वाचून जरा बरं वाटलं. तो घेऊन आम्ही परत गेलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. किनाऱ्याचा रस्ता, डोक्यावर ऊन. मास यूधो बाहेर आला, दाखला वाचला आणि मान वर केली.

छप्पर हौद्यात लोंबत होतं. कडांवरून मेण ठिबकत होतं.

"बापाक, छप्पर कुठाय?"

"हेच."

"ही ताडपत्री आहे."

"सकाळी मी तेच म्हणत होतो."

"पण दाखल्यावर छप्पर लिहिलंय." त्याने आवाज खाली आणला, मला लाज वाटू नये म्हणून. "बापाक, तुम्ही वयाने मोठे. सरकारी शिक्क्याखाली खोटं लिहून आणलंत?"

छत्तीस वर्षांत मला हे कुणी म्हणालं नव्हतं. मनात आलं होतं अनेकांच्या, पण कुणी म्हणालं नव्हतं. सार्पिन पुढे होऊन म्हणाला, "मास, सकाळी छप्पर असतं, दुपारी ताडपत्री. संध्याकाळी परत छप्पर होईल. थांबता का?"

मास यूधो म्हणाला, "एक काहीतरी ठरवा आणि या."

तेवढ्यात आमचं मीठ घेऊन खारवलेली अंडी करणाऱ्या बाईचा सार्पिनला फोन आला. आदल्या दिवशी पोहोचवलेल्या मिठाच्या गोणींवर मेण ठिबकलं होतं आणि तिच्या अंड्यांना कवचावर मेणाचं दुसरं कवच आलं होतं.

म्हणजे मेण काढायला हवं होतं. यू सुमारोह म्हणाली, "त्यात काय? मेण चढवायचं आणि उकळून उतरवायचं, हाच आमचा धंदा." मला उकळणं पसंत नव्हतं. ठिगळाचा दोरा उकळत्या पाण्यात टिकेल का, हे विचारायचं होतं. पण तसं विचारलं तर ठिगळाचं सगळं सांगावं लागलं असतं. मी हो म्हणालो. हा कुठला हो होता ते मलाच सांगता येणार नाही. आताशा मी दमलेला हो म्हणतो, तो त्यातलाच.

ताडपत्री एका हंड्यात मावेना. तीन हंडे ओळीने मांडले आणि ती अजगरासारखी एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडली. दोन दिवस उकळत होती. मी काठी घेऊन उभा. डावा कोपरा ज्या हंड्यात, त्या हंड्याशी. बाया म्हणाल्या, "पाक, बसा, जेवून घ्या." मी हललो नाही. वाफेने डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यांना वेगळंच वाटलं, आणि मला भाताबरोबर दोन तळलेले मासे जास्त मिळाले.

ठिगळ टिकलं. दोरा टिकला. ताडपत्री स्वच्छ, पांढुरकी निघाली. ट्रकवर टाकली तर मागच्या फाळक्यापर्यंत पोहोचेना. दोन हात कमी.

यू सुमारोहने कापड दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. "आमचं कापड कधी आटत नाही, पाक. तुमचं आटलं."

"दमलं असेल," मी म्हणालो.

"आटलं ना? मग ताणा!" हे लिक जुमांगिन. सिगरेटवर त्या दिवशी वेलबुट्टी होती. "ओलं आहे तोवर ताणलं की पूर्ववत होतं. एक बाजू माडाला, एक बाजू ट्रकला. सार्पिन, पहिल्या गिअरवर, हळू."

वीस माणसं जमली. मला विचारायला कुणी आलं नाही. मी हो म्हणणार हे ठरलेलंच होतं. दोर बांधले. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना दोर होते, म्हणजे डाव्यालाही. सार्पिनने गाडी हातभर पुढे नेली. ताडपत्री जमिनीवरून उठली, ताठ झाली आणि कुठेतरी टर्र असं वाजलं.

"येतंय, येतंय!" लिक जुमांगिन ओरडले. "लांबतंय! अजून एकदा. दोर नीट करा."

सार्पिनने गाडी मागे घेतली. ताडपत्री खाली पडली. मी कोपऱ्याशी गेलो. ठिगळाच्या एका कडेचे टाके पांढरे पडले होते, कापडापासून सुटायच्या बेतात.

"नको," मी म्हणालो.

कुणी लक्ष दिलं नाही. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. "नको. ओढू नका."

लिक जुमांगिन हसले. "पाक लाजतायत! अहो, कसला त्रास? आम्हाला काही त्रास नाही."

घोळ असा झाला की आमच्याकडे नको म्हणणं हाही शिष्टाचार आहे. कुणी जेवायला बोलावलं, काही देऊ केलं, की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हात पुढे करायचा. माझे दोन नको झाले होते. सगळे तिसऱ्याची वाट बघत होते, आणि तो झाला की गाडी सुटणार होती. आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हटलं आणि ते लोकांना मानभावीपणा वाटला. हिला कसं जमायचं कोण जाणे. ती नको म्हणाली की माणसं चप्पल शोधायला लागायची.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी ताडपत्रीवर गेलो आणि ठिगळावर मांडी घालून बसलो.

वयस्क माणूस खाली बसलेला असताना त्याच्या डोक्यावर उभं राहायचं नसतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. लिक जुमांगिन एक क्षण घुटमळले, मग गुडघे धरत कण्हत खाली बसले. त्यांच्यामागे बाकीचे बसले. बाया बसल्या. सार्पिनने आरशात बघितलं, गाडी बंद केली, वाकून आला आणि तोही बसला. ताडपत्रीवर वीस माणसं. ट्रकने ओढायची सोय राहिली नाही.

का बसलोय हे कुणालाच माहीत नव्हतं आणि विचारणं बरं दिसलं नसतं. यू सुमारोहच्या घरून गोड चहा आला, उकडलेल्या शेंगा आल्या. तेवढ्यात मशिदीकडून आमचे मोदिन आले. गावात कुणी गेलं की पुढचं सगळं हेच बघतात. अंथरलेलं कापड, गोल बसलेली माणसं, मध्ये मी, चहा. त्यांनी चप्पल काढली, कडेला बसले आणि खालच्या आवाजात विचारलं, "रुस्मिनाहसाठी ना?"

कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणत नाहीतच.

मोदिननी डोळे मिटले आणि दुआ सुरू केली. वीस माणसं मागून म्हणू लागली. मीही म्हणालो. खाली गुडघ्याचं कापड अजून ओलं होतं, बसल्या जागी गार लागत होतं. लिक जुमांगिन सगळ्यात मोठ्याने म्हणत होते. हिने त्यांना दुकान काढायला मदत केली होती, हे मागच्या बाया कुजबुजल्या तेव्हा मला कळलं. मला ती पुष्कळ गोष्टी सांगायची नाही.

दुआ संपल्यावर लिक जुमांगिननी डोळे पुसले आणि दोर हातात घेतला. "चला. ओढायची ना आता?"

मोदिन म्हणाले, "ज्या कापडावर बसून दुआ मागितली त्याला ट्रकला बांधून ओढणार? जुमांगिन, वय काय तुमचं?"

दोर सुटले. सार्पिन म्हणाला, "पाक, मागे दोन हात निळं प्लॅस्टिक जोडतो. पुढे कोपऱ्याखाली पोतं घालतो." आणि तो जोडायचं सामान आणायला गेला. माणसं शेंगांची टरफलं तशीच टाकून घरी गेली.

मी आणि यू सुमारोह ताडपत्रीची घडी घालायला राहिलो. ती माझ्यासमोर दोन टोकं धरून आली आणि डाव्या कोपऱ्याशी थांबली. पांढरे पडलेले टाके तिने अंगठ्याने चाचपले.

"म्हणून बसलात होय?"

"हिच्या हातचं शेवटचं आहे," मी म्हणालो. दोन वर्षांत कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत होतो.

यू सुमारोहने घडी खाली ठेवली. "पाक, ते माझ्या हातचं आहे."

मी हातातलं टोक सोडलं.

"तिचे हात तेव्हा थरथरत होते. सुई धरवत नव्हती. तुमची पँट घेऊन माझ्या पायरीवर आली. म्हणाली, तू शिव आणि यांना सांगू नकोस. मी शिवत होते, ती शेजारी बसून दोरा धरत होती. सरळ शिव, म्हणाली, हे बघतील."

"सरळच आहे," मी म्हणालो.

"कुठलं सरळ? माझा हात मेणाचा, शिवणाचा नाही. हे बघा, इथे गेलंय." तिने माझं बोट धरून टाक्यांवरून नेलं. निम्म्यापर्यंत ओळ सरळ होती. मग ती घडीच्या रेषेकडे वळली आणि तशीच शेवटपर्यंत गेली. "मी उसवायला लागले, तर तिने हात धरला. म्हणाली, राहू दे. त्यांना काही दिसायचं नाही."

दोन वर्षं मी ते ठिगळ रोज सकाळी बघत होतो. पुन्हा बोट फिरवून बघितलं. चांगलं दोन बोटं वाकडं होतं.